पहिल्या दोन मिनिटांचा पंचनामा

विलायतेत सोळा-सतरा वर्षांच्या वयात ‘माध्यमांचा अभ्यास’ हा विषय घेणाऱ्या मुलामुलींना ओसीआर नामक परीक्षामंडळ काही वर्षांपूर्वीपर्यंत एक मोठे मौजेचे काम नेमून देत असे. अस्तित्वात नसलेल्या आणि पुढेही कधी अस्तित्वात न येणाऱ्या एखाद्या कथापटाची केवळ नामावली आणि सुरुवात त्यांनी चित्रित करून आणावी, ती दोन मिनिटांहून अधिक लांबू नये, गटात चारांहून अधिक जण नसावेत आणि संगीत स्वतः रचलेले किंवा हक्कमुक्त असावे, अशा त्याच्या अटी असत. शंभर गुणांपैकी साठ चित्रकृतीला, वीस पूर्वतयारीला आणि उरलेले वीस केलेल्या कामाच्या आत्मपरीक्षणाला. पुष्कळशी मुले साहजिकच थरारपटाकडे वळत. सुखान्त कौटुंबिक कथेची पहिली दोन मिनिटे पाहून कोणाचे काळीज हलणार?

या मुख्य कामाच्या आधी त्यांच्याकडून एक प्राथमिक अभ्यास करवून घेत, आणि मंडळाची खरी विद्वत्ता माझ्या मते त्या किरकोळ दिसणाऱ्या अभ्यासात होती: एका पात्राने दार उघडावे, खोली ओलांडावी, दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीत बसावे आणि दोघांत दोन-चार वाक्यांची देवघेव व्हावी. बस्स. दाराच्या कडीवर पडलेला हात बाहेरून टिपला आणि उघडणारे दार आतून टिपले, तर दोन्ही तुकडे जोडल्यावर हालचाल एकसंध वाटली पाहिजे. आणि समोरासमोर बसलेल्या दोघांमधून जी कल्पित रेषा जाते ती कॅमेऱ्याने ओलांडता कामा नये, नाहीतर एकमेकांशी बोलणारी माणसे एकाच दिशेला तोंड करून भिंतीशी बोलत असल्यासारखी दिसू लागतात. ज्याला खुर्चीत माणूस धड बसविता येत नाही त्याने प्रेत पाडण्याच्या भानगडीत पडू नये, हा त्यातील अध्याहृत उपदेश.

पुण्यातील एका महाविद्यालयात शिकणाऱ्या, आमच्याच आळीतल्या एका मुलीला आणि तिच्या तीन सोबत्यांना त्यांच्या अध्यापकांनी याच धर्तीचे काम दिले. माझी उभी हयात न्यायालयाच्या दप्तरात, दुसऱ्यांच्या खुनांचे कागद लावण्यात गेली असल्यामुळे मला या विषयातले काही विशेष कळत असावे, अशा उदार समजुतीने ती चौकडी आपला आराखडा घेऊन माझ्याकडे आली. आराखडा असा: वेताळ टेकडी, सांजवेळ, जीव मुठीत धरून धावणारी मुलगी, मागे डोक्यावर काळी टोपी ओढलेला इसम, त्याच्या हातात सुरी, मुलगी ठेचकाळते, किंचाळते, पडदा काळा, मग अक्षरे, ‘सहा महिन्यांपूर्वी’, मग तीच मुलगी वर्गात हसताना, मग मोबाइलवर अनोळखी क्रमांकाचा संदेश, मग वडिलांच्या कपाटात सापडलेले जुने छायाचित्र, आणि शेवटी आरशात पाठीमागे उभी राहिलेली सावली. एकशेवीस सेकंदांत एवढा संसार थाटायचा होता, आणि प्रत्येकी तीन सेकंदांच्या आठ नामपट्ट्या धरल्या तरी नामावलीला लागणारी चोवीस सेकंदे त्यातून अद्याप कोणी वजा केलेली नव्हती.

परंतु गर्दी हा त्या आराखड्यातला दोष नव्हे. गर्दी कात्रीने कमी करता येते. तो काळ्या टोपीचा इसम कोण, असे मी विचारले तेव्हा चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि ती मुलगी म्हणाली, “ते अजून ठरायचंय, काका. आम्हाला नुसती सुरुवातच तर करायचीय!” पुढचा चित्रपट काढावयाचाच नाही तर गुन्हेगार ठरविण्याचे कारण काय, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक थरारपटांचा घात नेमका त्यानेच होतो, कारण प्रेक्षकापासून काय लपवायचे हे ज्याला ठाऊक नाही तो जे दिसेल ते दाखवीत सुटतो, आणि सुरी, सावली, किंकाळी ही तर कोणाच्याही दुकानात मिळणारी सामग्री आहे.

फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘एम’ हा बोलपट १९३१ चा. त्याचा आरंभ चाळीसारख्या एका इमारतीच्या चौकात रिंगण धरून खेळणाऱ्या मुलांनी होतो. एक मुलगी काळ्या माणसाचे गाणे म्हणत एकेकाला बाद करीत जाते. वर एक आई शाळेतून येणाऱ्या आपल्या मुलीसाठी टेबलावर ताट मांडते, घड्याळाकडे पाहते. तिकडे रस्त्यात ती मुलगी, एल्सी, खांबावर चेंडू आपटीत उभी आहे. ज्या जाहिरातीवर चेंडू आदळतो तीच खुन्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्कांचे इनाम लावणारी, आणि तिच्यावर एका माणसाची सावली पडते. तो तिला एका आंधळ्या विक्रेत्याकडून फुगा घेऊन देतो आणि घेताना एक धून शिळेवर वाजवितो. पुढे दिसतो तो रिकामा जिना, वाळवणाचा रिकामा माळा, न उष्टावलेले ताट, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू आणि वरच्या तारांत अडकलेला फुगा. खून दिसतच नाही.

या संयमाची वाखाणणी सर्वच करतात. मला अधिक महत्त्वाची वाटते ती ती शीळ आणि तो आंधळा. चित्रपटाच्या उत्तरार्धात, अवघे पोलीसखाते शहर पालथे घालून थकलेले असताना, खुनी ओळखला जातो तो त्याच शिळेवरून, आणि ओळखणारा तोच आंधळा फुगेवाला असतो. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत फुगा विकणारा माणूस डोळस दाखवला असता, तर पुढे ही उकल अशी साधलीच नसती. ज्याने आरंभ बेतला त्याने शेवट आधी बेतला होता. आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर पुण्यातच घडणारा, येथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेल्या श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) पाहावा: कोबीचे शेत, बंदूक घेतलेला शिकारी, एका डोळ्याचा ससा. या तुकड्याचा पियानो वाजविणाऱ्या नायकाशी काय संबंध, हे प्रेक्षकाला अखेरीस कळते, आणि ते नीट कळले की नाही यावर लोक अजून भांडतात.

चौकडीला मी म्हटले, टेकडी राहू द्या, तूर्त ही मुलगी राहते त्या वाड्याचा पंचनामा करून आणा. त्यांना हे नवीन होते. पंचनामा लिहिणाऱ्याने दिशा सांगावी, अंतर सांगावे, वस्तू कोणत्या स्थितीत पडली आहे ते सांगावे, आणि अनुमान मात्र काढू नये, असा आमच्या दप्तराचा शिरस्ता. इतका की भिंतीवर रक्त दिसले तरी ‘रक्त’ असे लिहावयाचे नाही, ‘रक्तासारखे दिसणारे तांबूस डाग’ असे लिहावयाचे. ते रक्तच होते हा निर्णय पुढे रासायनिक तपासणीवाले देतील. थरारपटाची सुरुवात ही पटकथेपेक्षा या दस्तऐवजाला अधिक जवळची आहे. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’त (१९५४) कॅमेरा प्रथम सभोवारच्या खिडक्यांवरून फिरतो, मग घामेजलेले कपाळ, नव्वदीच्या वर चढलेला तापमापक, प्लास्टरमधला पाय, मोडलेला कॅमेरा आणि शर्यतीच्या मोटारीचे निखळलेले चाक अंगावर येत असल्याचे छायाचित्र एकामागून एक दाखवितो, आणि एका शब्दाशिवाय आपल्याला त्या माणसाचा धंदा, त्याचा अपघात आणि त्याचा कंटाळा ठाऊक होतो. हा नमुनेदार पंचनामा आहे. पंच कोठेही मध्ये बोलत नाहीत.

मुले दोन पाने लिहून घेऊन आली. त्यांतले पुष्कळ निरुपयोगी होते, आणि ‘गूढ शांतता’ असे शब्द कोणीतरी घुसडलेच होते. पंचनाम्यात शांतता गूढ नसते, फार तर कुकरची शिटी ऐकू येत नसते. पण एक ओळ सोन्याची निघाली: जिन्याखाली लाकडी फळीवर विजेचे सहा मीटर, वर ऑइलपेंटने बिऱ्हाडकरूंची नावे, त्यांपैकी चौथ्याच्या घराला दोन वर्षे कुलूप. त्या चौघांतला सर्वांत अबोल मुलगा म्हणाला, की इतर पाच मीटरांवरचा लाल ठिपका लुकलुकतो आणि या चौथ्यावरचा स्थिर असतो. समजा, तो लुकलुकला तर?

नवी सुरुवात एवढ्यावर उभी राहिली. रीडिंग घेणारा मनुष्य खांद्याला पिशवी अडकवून येतो आणि मोबाइलने एकेका मीटरचा फोटो काढीत जातो. फळीवरच्या बिऱ्हाडकरूंच्या नावांच्या जागी या चौघांचीच नावे रंगवावयाची, म्हणजे नामावलीची चोवीस सेकंदे कथेच्या पोटातच जिरतात. ही युक्ती मुलांची, आणि मला तिचा मनापासून हेवा वाटला. चौथ्या मीटरपाशी ठिपका लुकलुकतो. मनुष्य थबकतो, थांबतो. पुन्हा लुकलुकतो. तो जिना चढून वर जातो. दाराला गंजलेले कुलूप, चौकटीला न मोडलेले कोळिष्टक, फटीत खोचलेल्या जुन्या नोटिसा. दाराला कान लावावा की न लावावा या विचारात तो क्षणभर उभा राहतो आणि खाली येतो. मीटरकडे पाहतो.

आणि येथे चौकडी अडली. आता ठिपक्याने काय करावे?

हिशेब असा आहे. त्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुकी असे छापलेले आहे. आत पंचाहत्तर वॅटचा एकच पंखा फिरत असेल तर ठिपका दर पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकेल. दोन हजार वॅटचा गिझर लागला तर सेकंदाला जवळजवळ दोनदा. म्हणजे छातीची धडधड वाढविण्यासाठी ढोलताशांचे पार्श्वसंगीत शोधीत हिंडण्याचे कारण नाही. महावितरणने ते फुकट बसवून दिले आहे. परंतु ही लुकलुक वाढावी की थांबावी? आत दडून बसलेला कोणी फरारी इसम असेल, तर जिन्यावर पावले वाजताच तो पंख्याचे बटण बंद करील. खाली परतलेल्या माणसाला ठिपका स्थिर झालेला दिसेल, आणि आत जे कोणी आहे त्याने आपली चाहूल घेतली हे त्याला उमगेल. उलट आत कोणाला कोंडून ठेवले असेल, तोंड बांधलेले असेल आणि जेमतेम बटणांच्या एका फळीपर्यंत हात पोहोचत असेल, तर पावले ऐकताच ती व्यक्ती हाताला लागेल ते बटण दाबील. ठिपका वेडावल्यासारखा लुकलुकू लागेल. शेवटच्या पाच सेकंदांतला तो लाल बिंदू कसा वागावा हे न काढलेल्या चित्रपटाच्या शेवटावर अवलंबून आहे. मघाशी ज्यांनी ‘ते अजून ठरायचंय’ म्हणून सांगितले होते तीच मंडळी आता गुन्हेगार कोण, कोंडले का, कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे, यावर दोन तास हमरीतुमरीवर आली. निकाल कोंडलेल्या बाईच्या बाजूने लागला. किल्लीचा मुद्दा अद्याप तहकूब आहे.

काहींना हा सगळा दारिद्र्याचा चमत्कार वाटेल, आणि तो आहेच. ख्रिस्तोफर नोलनने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकल्यानंतर ‘फॉलोइंग’ हा पहिला चित्रपट (१९९८) काढला तो काही हजार पौंडांत, कृष्णधवल सोळा मिलिमीटर फितीवर, शनिवार-रविवार गाठून, मित्रांच्या घरी, खिडकीतून येईल त्या उजेडात. फीत महाग म्हणून तालमी आधी इतक्या करून घेतल्या, की प्रत्यक्ष चित्रणात पहिल्या-दुसऱ्या खेपेपलीकडे जाण्याची गरजच पडू नये. त्याच्या चित्रपटाची सुरुवात आठवून पाहा: हातमोजे घातलेले हात एक पेटी उघडून आतल्या किरकोळ वस्तू चाळीत आहेत. त्याला टेकडीही लागली नाही आणि सुरीही. शिवाय टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींसमोर सुरी नाचविणारा काळ्या टोपीचा इसम दिसला म्हणजे पोलीस ठाण्यात पहिली फिर्याद कोणाची जाईल, हे मी मुलांना वेगळे सांगितले नाही. सुरी त्यांनी आपण होऊन वगळली.

आवाजाचा प्रश्न मात्र खरोखरीचा कठीण आहे आणि त्यावर मुलांची तयारी सर्वांत कच्ची आहे. मोबाइलच्या ध्वनिग्राहकाला जिन्यातली पावले आणि गल्लीतली स्कूटर सारखीच प्रिय असतात. पावले निराळी, रात्री, जोडे घालून टिपावीत आणि मागाहून जोडावीत असे मी सुचविले. त्यांनी ते ऐकून घेतले, यापलीकडे काही झाले आहे असे मला वाटत नाही.

चित्रण पुढच्या रविवारी आहे. कुलूपबंद घराच्या मालकाचा पत्ता नसल्यामुळे मुलीच्या स्वतःच्याच घराचा मीटर चौथा म्हणून दाखवावयाचा आणि आत तिच्या घरचा गिझर लावावयाचा असे ठरले. तिच्या आईने परवानगी दिली ती वाढीव वीजबिल गटाने भरावे या शर्तीवर, आणि त्यांच्या अंदाजपत्रकात नावे रंगविण्याच्या डब्यानंतर एवढाच काय तो दुसरा खर्च आहे. अडचण निराळीच उपटली. गिझरमधले पाणी तापले की तो आपोआप बंद पडतो आणि ठिपका थंडावतो. तेव्हा दर खेपेला कोणीतरी ते कढत पाणी काढून टाकलेच पाहिजे, आणि पाणी वाया घालविण्यास मुलीच्या आईची सक्त मनाई आहे. सबब प्रत्येक खेपेगणिक चौघांपैकी एकाने आत आंघोळ करावयाची आहे. त्या अबोल मुलाचे नाव एकमताने पुढे आले आहे. त्याने अद्याप होकार दिलेला नाही.