नव्या घराचा वास

निर्मळसारख्या वसईच्या जुन्या गावांत कौलारू घरांची जागा सिमेंटची घरे घेत आहेत. कौलांच्या फटींतून वारा खेळे, तशी चुलीच्या धुराने बायकांची डोळ्यांची आगही होई; तेव्हा जुन्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र नव्या घरातही डोळे चुरचुरतात, घसा धरतो आणि घरधनी त्याला कौतुकाने ‘नव्या फर्निचरचा वास’ म्हणतो.

हा वास बहुतांशी फॉर्मल्डिहाइडचा असतो. प्लायवूडचे पापुद्रे आणि लाकडाचा भुसा ज्या रासायनिक डिंकाने जोडतात, त्यातून हा वायू महिनोन् महिने पाझरतो. उष्ण, दमट हवेत अधिकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य ठरविले.

कर्जाचे हप्ते फेडणारे कुटुंब हा वायू काही महिने सोसते. सुतार आणि पॉलिशवाला तो जन्मभर सोसतात. दिवसा ज्या खोलीत प्लाय कापायचा, त्याच बंद खोलीत भुशाशेजारी रात्री पथारी पसरायची, हा या धंद्यातला रिवाज. ठेकेदाराचे भाडे वाचते. त्याची किंमत कामगाराची फुप्फुसे मोजतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच वॉशिंग्टनमधील मुख्यालयात १९८७-८८ साली नवे गालिचे अंथरले गेले आणि अनेक कर्मचारी आजारी पडले. त्यांच्या युनियनने १९९० साली गालिच्यांतून निघणाऱ्या रसायनांवर नियमनाची मागणी केली. संस्थेने ती फेटाळली आणि उत्पादकांशी ‘संवाद’ आरंभला! खुद्द रखवालदाराच्या घरी ही गत, तर वसईच्या सुताराची दाद कोण घेणार?

आपल्याकडील २००९ ची हवेची राष्ट्रीय मानके १२ प्रदूषकांची आहेत. ती बाहेरच्या हवेसाठी, आणि त्यांत फॉर्मल्डिहाइड नाही. कायदा करता येत नाही, असे मात्र नव्हे. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातलीच ना? तशीच सक्तीची मर्यादा प्लायवूड, फर्निचर आणि गालिच्यांतून निघणाऱ्या वायूंवर हवी; तिचा आकडा मराठीत मालावर छापलेला हवा. आणि काम चालू असलेल्या घरात कामगारांना झोपविण्यास मनाई करून त्यांच्या रात्रीच्या निवाऱ्याचा खर्च ठेकेदारावर टाकला पाहिजे. ही शेवटची मागणी कार्यकर्त्यांनी सुतारांना बरोबर घेऊन, दर बांधकामावर, आजपासूनच करावी.