गर्द हिरवी भिंत

अभ्यासिका गर्द हिरव्या रंगाने रंगवायची ठरली तेव्हा रंगाऱ्याने शेडकार्डावर बोट ठेवून दोनदा खात्री करून घेतली. खोली लहान दिसेल, असे त्याचे म्हणणे. रंगाचे दोन हात बसल्यावर उलटेच घडले. भिंत प्रकाश गिळू लागली, संध्याकाळी दिव्याखाली कोपरे नाहीसे होऊ लागले आणि पुस्तकांच्या पाठी मात्र उठून दिसू लागल्या. येणारे म्हणतात, ‘रानात बसल्यासारखे वाटते.’ माझा आक्षेप आहे तो या वाक्याला.

ही भिंत रानातून आलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातील युरोपीय दिवाणखान्यातून आली आहे. सतत वावर असलेल्या खोल्यांच्या भिंतींना हिरवा रंग निवडला जातो, कारण डोळ्याला त्यात विसावा मिळतो, असे गटेने १८१० च्या आपल्या रंगविषयक ग्रंथात नोंदवले आहे. हा विसावा भिंतीवर उतरला तो मात्र रसायनशाळेतून. शेलेने १७७५ मध्ये तांबे आणि सोमल यांपासून हिरवा रंग बनवला. पुढे त्याहून तेजस्वी हिरवा आला. सोमल त्यातही होताच. दमट भिंतीवर बुरशी धरली की अशा रंगातून विषारी वायू सुटतो, हे गोझिओ या इटालियन संशोधकाने १८९० च्या दशकात दाखवले.

साहित्याच्या अभ्यासकांना खरी अडचण होते ती विल्यम मॉरिसपाशी. कवी, कारागीर, समाजवादी, आणि भिंतीवर वेली चढवणारा चित्रकार. त्याच्या ‘ट्रेलिस’ या १८६२ मध्ये रेखाटलेल्या भिंतकागदाचा एक जुना नमुना २००३ मध्ये तपासला गेला, तेव्हा हिरव्या पानांत तांबे व सोमल सापडले. त्याच्या कुटुंबाचे भागभांडवल ‘डेव्हन ग्रेट कॉन्सॉल्स’ या खाणीत होते. तांब्याबरोबर सोमलाचे प्रचंड उत्पादन करणाऱ्या या खाणीचा तो १८७१ ते १८७५ संचालकही होता. तेथे धुराड्यांच्या बोगद्यांतून सोमल खरवडून काढणारे मजूर नाकातोंडावर फडके बांधत आणि उघड्या अंगाला माती फासत.

‘तो त्याच्या काळाचे अपत्य होता’ हा बचाव मला पटत नाही. त्याच काळातले डॉक्टर या रंगाविरुद्ध लिहीत होते. सोमलमुक्त कागदाच्या जाहिराती होत होत्या. मॉरिसने १८८५ च्या एका पत्रात ही सारी भीती चेटकिणींच्या भयासारखी ठरवून उडवून लावली. तेव्हा तो समाजवादी चळवळीत पुरता उतरलेला होता. पण त्याला ढोंगी म्हणून हातावेगळे करणेही सोयीचेच. भांडवलाविषयीचा त्याचा नंतरचा संताप संचालकांच्या बैठकीतल्या खुर्चीवर बसून आलेला असावा, असा माझा तर्क आहे. अशा माणसाचे लेखन मग अधिक सावधपणे वाचावे लागते, टाळून चालत नाही.

आजच्या डब्यातला हिरवा बहुधा फ्थॅलोसायनिन जातीचा, विसाव्या शतकातला. त्यात सोमल नाही. भिंत खरवडण्याचा माझा विचार नाही. फक्त तिला रान म्हणू नये.

गेल्या सत्रात याच खोलीत काही विद्यार्थ्यांबरोबर मॉरिसची ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ (१८९०) वाचली. श्रम हाच आनंद झालेला तो देश. एकीने विचारले, ‘सर, इथे खाणीत कोण उतरतं?’ आम्ही पुन्हा मागची पाने चाळू लागलो.