डोक्यावर दिवे, हातात तबक

डिसेंबरच्या मध्यावर स्टॉकहोम शहरात सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी तीन वाजण्यापूर्वी मावळतो. शाळेत जाणारे मूल अंधारात घर सोडते आणि बहुधा अंधारातच परत येते. ध्रुववृत्तापलीकडे वसलेल्या किरुना गावात तर डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य क्षितिजावर येतच नाही. स्वीडनमधील लुसियाचा सण समजून घ्यायचा असेल, तर प्रथम हा अंधार ध्यानात घ्यावा लागतो. सणाचे खरे कारण तोच आहे. संत, गीते आणि पक्वान्ने ही त्याभोवती मागाहून जमलेली मंडळी होत.

हा सण १३ डिसेंबरला येतो. आदल्या संध्याकाळी घरात कणीक मळली जाते. मैदा, दूध, लोणी, साखर, यीस्ट आणि केशर यांची ही कणीक फुगली, की तिच्या लांब वळ्या करून दोन्ही टोके उलटसुलट गुंडाळतात आणि प्रत्येक वेटोळ्याच्या मध्यभागी एकेक मनुका दाबून बसवतात. भट्टीतून बाहेर आलेल्या या पिवळ्याधमक पावाला ‘लुसेकत्त’, म्हणजे लुसियाचे मांजर, म्हणतात. सोबतीला आले, दालचिनी आणि लवंग घातलेली पातळ, कुरकुरीत बिस्किटे असतात. दालचिनी आणि लवंग स्वीडनच्या थंड भूमीत पिकत नाहीत. पण लुसियाच्या पहाटेला घरात हाच वास दरवळला पाहिजे, असा तेथील लोकांचा आग्रह असतो.

पहाटे मुले आईवडिलांच्या आधी उठतात. घरातील सारे दिवे मालवलेलेच असतात. एक मुलगी पायघोळ पांढरा झगा घालते, कमरेला लाल पट्टा बांधते आणि डोक्यावर हिरव्या डहाळ्यांचा मुकुट ठेवते. त्या मुकुटावर मेणबत्त्या लावलेल्या असतात. तिच्या मागून पांढऱ्या वेशातील सख्या आणि डोक्यावर तारे चिकटवलेल्या उंच, निमुळत्या टोप्या घातलेले मुलगे चालतात. कॉफी आणि पावांचे तबक घेऊन, गात गात, ही छोटी मिरवणूक आईवडिलांच्या खोलीत शिरते. वर्षभर आईवडील मुलांना हाका मारून उठवतात. त्या एका पहाटे मुले त्यांना उठवतात. स्टॉकहोममध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी आलेल्या विद्वानांनाही त्यांच्या हॉटेलच्या खोलीत लुसियाने जागे करण्याची प्रथा आहे. राजवाड्यातील मेजवानी कोणत्याही देशाला देता येते. परंतु पाहुण्याच्या उशाशी पहाटे कॉफी नेऊन ठेवणे ही घरची रीत आहे, आणि स्वीडिश लोकांनी पाहुण्यांना दाखवण्यासाठी हीच रीत निवडली, हे लक्षणीय आहे.

लुसिया ही मूळची इटलीतील सिसिली बेटावरच्या सिराक्यूज नगराची ख्रिस्ती संत. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, इ. स. ३०४ मध्ये, तिला हौतात्म्य आले, अशी परंपरा सांगते. छळाच्या भयाने भुयारांत लपलेल्या ख्रिस्ती लोकांना ती अन्न पोहोचवीत असे आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून दिवे डोक्यावर बांधीत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा इतिहास म्हणून उपयोग नाही, पण तिच्यात एक व्यवहारी शहाणपण आहे. दिवा हातात धरला, तर अन्न कशात न्यायचे?

तिच्या नावाचे लॅटिन भाषेतील मूळ ‘प्रकाश’ या अर्थाच्या शब्दात आहे. तरीही १३ डिसेंबर ही तारीख वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीची नाही, मग प्रकाशाचा सण त्या दिवशी का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पंचांगात सापडते. युरोपात पूर्वी चालत असलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेत वर्षाची लांबी किंचित चुकलेली होती. त्यामुळे ऋतू आणि तारखा यांच्यात अंतर पडत गेले, आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास वर्षातील सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास येऊ लागली. त्या रात्री लुसी नावाची भयंकर स्त्री हिंडते, गोठ्यातील गुरे माणसांसारखी बोलतात, असे खेड्यांतील लोक मानीत. पुढे १७५३ मध्ये स्वीडनने सुधारलेली दिनदर्शिका स्वीकारली. मोठी रात्र २१-२२ डिसेंबरला गेली. सण मात्र जुन्याच तारखेला राहिला. मराठी वाचकाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. उत्तरायणाशी जोडलेली मकरसंक्रांतही, अयनचलन या निराळ्या कारणाने का होईना, प्रत्यक्ष उत्तरायणारंभापासून तीन आठवड्यांहून अधिक दूर सरकली आहे, आणि तरीही तिळगुळाची गोडी कमी झालेली नाही.

या सणावर एक आक्षेप घेतला जातो, तो असा की तो अस्सल नाही. आक्षेप घेणाऱ्यांजवळ पुरावा भरपूर आहे. संत सिसिलीची, तीही अशा देशात पूजनीय ठरली, की ज्याने सोळाव्या शतकातच प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारून संतांची उपासना बाजूला सारली होती. पांढऱ्या वेशातील लुसियाची स्वीडनमधील पहिली लेखी नोंद १७६४ सालची आहे आणि ती एका जमीनदाराच्या वाड्यातील आहे. शेतकऱ्याच्या झोपडीत तेव्हा हा थाट नव्हता. सर्वांत प्रसिद्ध गीताची चाल तर इटलीतील नेपल्सची. टेओडोरो कोत्राऊ यांनी ते गीत १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ इटालियन गीतात संतही नाही आणि अंधारही नाही. आपल्या नावेत बसायला बोलावणारा एक नावाडी आहे. स्वीडिश कवींनी त्या चालीवर हिवाळ्याच्या रात्रीचे शब्द बसवले.

हे सारे खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. उसन्या सामग्रीचा सण खोटा ठरवायचा म्हटले, तर जगातील फारच थोडे सण खरे उरतील. १३ डिसेंबर १९४४ रोजी, जर्मन सैन्याच्या ताब्यात असलेल्या डेन्मार्कमध्ये लुसियाच्या मिरवणुका प्रथमच मोठ्या प्रमाणावर निघाल्या. तेथील लोकांनी शेजारच्या स्वीडनमधून ही प्रथा मुद्दाम उचलली होती. परकीय सत्तेच्या अंमलाखालील त्या हिवाळ्यात दिवे घेऊन गात जाणे हा एक मूक निषेध होता. सण आयात केलेला होता. पण तो साजरा करणाऱ्यांची गरज आयात केलेली नव्हती.

लुसियाच्या सणाला खरा धोका पोहोचला तो घराबाहेर. १९२७ मध्ये स्टॉकहोममधील एका वृत्तपत्राने शहराची लुसिया निवडण्याची स्पर्धा भरवली. पाहता पाहता गावोगावी अशा स्पर्धा होऊ लागल्या, आणि लुसिया म्हणजे लांब सोनेरी केसांची सुंदर तरुणी, असे चित्र लोकांच्या मनात पक्के बसले. सिसिलीच्या कन्येचे केस सोनेरीच असले पाहिजेत, हा हट्ट मोठा गमतीचा आहे. पण त्याचे परिणाम गमतीचे नाहीत. २०१६ मध्ये एका दुकानसाखळीने सावळ्या वर्णाच्या एका मुलाला लुसियाच्या वेशात जाहिरातीत दाखवले, तेव्हा त्यावर द्वेषाचा असा भडिमार झाला, की ती जाहिरात मागे घ्यावी लागली. प्रकाशाच्या सणात एका लहान मुलाला त्याच्या रंगावरून दूर लोटावे, यापेक्षा मोठा अंधार कोणता? स्वीडनमधील अनेक शाळा आता चिठ्ठ्या टाकून लुसिया ठरवतात. हा उपाय न्यायाचा आहे; मात्र तो शोधावा लागला, हेच सांगते की जे काम होते त्याचा मान झाला होता.

मुलीनेच पांढरे कपडे घालून सर्वांची सेवा का करावी, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तबक सदैव मुलीच्याच हाती असेल, तर तो सण जुन्या विषमतेला केवळ सुंदर वेश चढवतो. आज काही घरांत आणि शाळांत मुलगेही तो मुकुट घालतात. त्यामुळे परंपरा बिघडते, असे मानण्यात अर्थ नाही. वाड्यातून सामान्य घरात आल्याने ती बिघडली नाही, तर यानेच का बिघडावी?

मेणबत्त्यांच्या बाबतीत घरांनी तडजोड केली आहे. पूर्वी केसांवर ओला रुमाल घालून त्यावर मुकुट ठेवीत आणि वितळणारे मेण सांभाळीत हळूहळू पावले टाकीत. आता लहान मुलांच्या मुकुटावर बॅटरीचे दिवे असतात. ते जळत नाहीत, सांडत नाहीत आणि खरे सांगायचे तर फारसे शोभतही नाहीत. पण पाच वर्षांच्या मुलीला त्यांच्यामुळे पळत जाता येते. घरात चिठ्ठ्या टाकाव्या लागत नाहीत. दोन बहिणी असल्या तर दोन मुकुट होतात, आणि धाकट्या भावाने हट्ट धरला, तर तिसराही होतो.