विश्लेषण : सिंधुदुर्गाचे आमदार तीन राहणार की दोन?

मालवणचा मतदारसंघ कुठे गेला?
नारायण राणे १९९० पासून मालवणमधून निवडून येत. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली फेररचना २००८ मध्ये लागू झाली आणि मालवण तालुका कुडाळ मतदारसंघात गेला. कणकवलीत देवगड, वैभववाडी, तर सावंतवाडीत वेंगुर्ले, दोडामार्ग आले.

आता धोका कशाचा?
जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. गणपतीला गावी येणारा चाकरमानी जनगणनेत मुंबईतच मोजला जातो. २०११ च्या आकड्यांनुसार राज्यात एका आमदारामागे सरासरी ३.९ लाख लोक, सिंधुदुर्गात २.८३ लाख. विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या आणि फक्त लोकसंख्याच पाहिली, तर जिल्ह्याचा वाटा सव्वादोन जागांहूनही कमी भरतो.

पुढे काय?
८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. त्यानंतरच्या फेररचनेत आयोग मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. अंतिम आदेशानंतर न्यायालयाची वाट फार अरुंद असते. म्हणून किनारपट्टीला आपले म्हणणे मांडायचे असेल, तर ते मसुद्याच्या वेळीच.