कॅनडाचे परराष्ट्र, व्यापार व संरक्षण धोरण (२०२५–२०२६)

२०२५ च्या आरंभापासून कॅनडाच्या परराष्ट्र, व्यापार व संरक्षण धोरणात मोठे बदल घडून आले. अमेरिकेने लादलेली आयातशुल्के आणि कॅनडाने अमेरिकेचे ५१ वे राज्य व्हावे ही राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांची वारंवार केलेली विधाने, ही या बदलांची तात्कालिक कारणे होत. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानपदी आलेल्या मार्क कार्नी यांच्या सरकारने अमेरिकेवरील अवलंबित्व कमी करणे हे आपले मुख्य उद्दिष्ट ठरविले. त्यासाठी युरोपीय संघाशी संरक्षण सहकार्य, चीन व भारताशी बिघडलेल्या संबंधांची पुनर्बांधणी, संरक्षण खर्चात वाढ आणि अमेरिकेव्यतिरिक्त अन्य देशांना होणारी निर्यात दहा वर्षांत दुप्पट करणे असे कार्यक्रम हाती घेण्यात आले. मात्र कॅनडाचे लोहमार्ग, तेलवाहिन्या, मोटार उद्योग आणि हवाई संरक्षण यंत्रणा यांची रचना अनेक दशके अमेरिकेशी जोडलेली राहिल्याने या धोरणाला भौगोलिक, आर्थिक व प्रांतिक मर्यादा आहेत.

पार्श्वभूमी

कॅनडा व अमेरिका यांच्यातील सीमा ८,८९१ किलोमीटर लांबीची असून कॅनडाची बहुतांश लोकसंख्या या सीमेलगतच्या पट्ट्यात राहते. अमेरिकेशी किती जवळीक ठेवावी, हा कॅनडाच्या राजकारणातील जुना प्रश्न आहे. १९११ ची सार्वत्रिक निवडणूक अमेरिकेशी परस्पर शुल्ककपातीच्या प्रश्नावर लढविली गेली आणि तिचा पुरस्कार करणाऱ्या विल्फ्रिड लॉरिये यांच्या सरकारचा पराभव झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्र पालटले. १९४० च्या ऑग्डेन्सबर्ग कराराने दोन्ही देशांच्या संयुक्त संरक्षणाचा पाया घातला गेला, तर १९५८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी नोराड या संयुक्त यंत्रणेचा करार झाला.

अमेरिकेवरील अवलंबित्व कमी करण्याचा एक प्रयत्न यापूर्वीही झाला होता. १९७२ मध्ये पिएर ट्रुडो यांच्या सरकारातील परराष्ट्रमंत्री मिचेल शार्प यांनी ‘तिसरा पर्याय’ या नावाने ओळखले जाणारे धोरण मांडले. आहे ती स्थिती टिकविणे आणि अमेरिकेशी अधिक एकात्म होणे या दोन पर्यायांऐवजी युरोप व जपान यांच्याशी संबंध वाढविण्याचा मार्ग त्यात सुचविला होता. परंतु कॅनडाच्या व्यापारातील अमेरिकेचा वाटा त्यानंतरही घटला नाही. १९८५ मध्ये मॅक्डोनाल्ड आयोगाने अमेरिकेशी मुक्त व्यापाराची शिफारस केली. १९८९ मध्ये द्विपक्षीय मुक्त व्यापार करार, १९९४ मध्ये मेक्सिकोसह नाफ्टा आणि १ जुलै २०२० रोजी त्याची जागा घेणारा अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करार अमलात आला. २०२४ मध्ये कॅनडाच्या वस्तुनिर्यातीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश निर्यात एकट्या अमेरिकेला होत होती.

अमेरिकेशी व्यापारसंघर्ष

६ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी राजीनाम्याची घोषणा केली. १ फेब्रुवारी रोजी ट्रम्प यांनी कॅनडातून येणाऱ्या मालावर २५ टक्के, तर ऊर्जा उत्पादनांवर १० टक्के शुल्क आकारण्याचा आदेश काढला. फेंटानिल या अमली पदार्थाची तस्करी व अवैध स्थलांतर ही त्यामागील कारणे सांगण्यात आली. महिनाभराच्या स्थगितीनंतर ४ मार्च रोजी हे शुल्क लागू झाले. काही दिवसांतच त्रिपक्षीय कराराच्या नियमांत बसणाऱ्या मालाला त्यातून सूट मिळाली आणि कॅनडाच्या निर्यातीचा मोठा भाग या सूटीमुळे बचावला.

विशिष्ट उद्योगांवरील शुल्कांचा फटका अधिक तीव्र ठरला. पोलाद व अ‍ॅल्युमिनियमवर १२ मार्चपासून २५ टक्के आणि ४ जूनपासून ५० टक्के शुल्क बसले. एप्रिलपासून मोटारींवरही २५ टक्के शुल्क सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये इमारती लाकडावर, आधीच्या दंडात्मक शुल्कांत भर घालून, आणखी १० टक्के शुल्क लावण्यात आले. त्याच महिन्यात स्टेलांटिस कंपनीने ब्रॅम्प्टन येथील कारखान्यासाठी योजलेले जीप गाडीचे उत्पादन अमेरिकेतील इलिनॉय राज्यात हलविण्याचा निर्णय जाहीर केला. सू सेंट मरी येथील अल्गोमा या पोलाद कारखान्याने डिसेंबरमध्ये सुमारे १,००० कामगारांना कपातीच्या नोटिसा दिल्या.

कॅनडाने आरंभी ३० अब्ज कॅनेडियन डॉलर किमतीच्या अमेरिकी मालावर २५ टक्के प्रतिशुल्क लावले व पुढे त्याची व्याप्ती वाढविली. अनेक प्रांतांनी सरकारी दुकानांतून अमेरिकी मद्य काढून टाकले. मात्र २८ एप्रिलच्या निवडणुकीत लिबरल पक्षाला अल्पमतातील सरकार मिळाल्यानंतर कार्नी यांनी हळूहळू तडजोडीचा मार्ग स्वीकारला. ट्रम्प यांनी वाटाघाटी थांबविताच जूनच्या अखेरीस डिजिटल सेवा कर रद्द करण्यात आला. १ सप्टेंबरपासून पोलाद, अ‍ॅल्युमिनियम व मोटारी वगळता त्रिपक्षीय कराराच्या नियमांत बसणाऱ्या अमेरिकी मालावरील प्रतिशुल्के उठविली गेली. तरीही करार झाला नाही. १ ऑगस्टपासून सूट नसलेल्या मालावरील शुल्क ३५ टक्के करण्यात आले होते. ऑक्टोबरमध्ये आँटॅरियो प्रांताच्या सरकारने रोनाल्ड रेगन यांच्या जुन्या भाषणाचा वापर करून शुल्कविरोधी जाहिरात प्रसारित केल्यावर ट्रम्प यांनी बोलणी पुन्हा बंद केली.

२० फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आर्थिक आणीबाणीविषयक कायद्याखाली आयातशुल्क लादण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, असा निर्णय दिला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, मोटारी व लाकूड यांवरील शुल्के राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित वेगळ्या कायद्यावर आधारलेली असल्याने त्यांना या निर्णयाचा स्पर्श झाला नाही. त्यामुळे कॅनडाच्या सर्वाधिक झळ बसलेल्या उद्योगांना या निकालातून दिलासा मिळाला नाही.

पर्यायी बाजारपेठांचा शोध

कॅनडाजवळ अन्य देशांशी व्यापार करारांची उणीव नाही. युरोपीय संघाशी झालेला करार २०१७ पासून तात्पुरत्या स्वरूपात, तर प्रशांत महासागरीय देशांशी झालेला करार २०१८ च्या अखेरीपासून लागू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियाशीही करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. खरी अडचण माल त्या बाजारपेठांपर्यंत नेण्याची आहे. खनिज तेल हे कॅनडाचे प्रमुख निर्यात उत्पादन असून आल्बर्टातील तेलवाहिन्या मुख्यतः दक्षिणेकडे जातात. प्रशांत किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या ट्रान्स माउंटन वाहिनीचे विस्तारित काम मे २०२४ मध्ये सुरू झाले व तिची क्षमता दररोज सुमारे ८,९०,००० बॅरल झाली. द्रवरूप नैसर्गिक वायूची पहिली मोठी निर्यात ब्रिटिश कोलंबियातील किटिमॅट येथून २०२५ च्या मध्यास सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकार व आल्बर्टा यांच्यात नव्या तेलवाहिनीबाबत सामंजस्य करार झाला. त्याच्या निषेधार्थ माजी पर्यावरणमंत्री स्टीवन गिल्बो यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. किनाऱ्यावरील काही आदिवासी समुदायांचाही अशा प्रकल्पाला विरोध आहे.

२०२५ च्या उत्तरार्धात निर्यातीतील अमेरिकेचा वाटा कमी झाल्याचे आकडेवारीत दिसले. परंतु या बदलात ब्रिटनला झालेल्या सोन्याच्या निर्यातीचा हिस्सा मोठा होता. सोन्याचा भाव चढा असताना त्याची निर्यात वाढणे आणि कारखानदारीला नवे ग्राहक मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शुल्कांमुळे अडचणीत आलेल्या पोलाद वा मोटार उद्योगातील कामगारांना पहिल्या प्रकारच्या वाढीचा विशेष उपयोग होत नाही.

चीनशी समझोता

डिसेंबर २०१८ मध्ये व्हँकुव्हर येथे ह्वावे कंपनीच्या अधिकारी मंग वानचौ यांना अटक झाल्यापासून कॅनडा-चीन संबंध बिघडले होते. त्यानंतर चीनने ताब्यात घेतलेल्या दोन कॅनेडियन नागरिकांची सुटका २०२१ मध्ये झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडाने अमेरिकेच्या पाठोपाठ चिनी विद्युत मोटारींवर १०० टक्के शुल्क लावले. चीनने २०२५ मध्ये कॅनोलाचे तेल, पेंड व बियाणे, वाटाणा, डुकराचे मांस आणि सागरी उत्पादने यांवर शुल्क लावून प्रत्युत्तर दिले. कॅनोला हे मोहरीवर्गीय तेलबियांचे पीक असून ते सॅस्कॅचेवान व अन्य प्रेअरी प्रांतांच्या शेतीचा कणा आहे. आँटॅरियोतील मोटार उद्योगाच्या रक्षणाची किंमत अशा रीतीने पश्चिमेकडील शेतकऱ्यांना मोजावी लागली.

जानेवारी २०२६ मध्ये कार्नी यांनी बीजिंगला भेट दिली. २०१७ नंतर कॅनडाच्या पंतप्रधानांची ही पहिलीच चीनभेट होती. त्या वेळी झालेल्या समझोत्यानुसार वर्षाला ४९,००० चिनी विद्युत मोटारी ६.१ टक्के शुल्कावर आयात करण्यास कॅनडाने मान्यता दिली व चीनने कॅनोला बियाण्यावरील एकूण शुल्क सुमारे १५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे ठरविले. सॅस्कॅचेवानचे मुख्यमंत्री स्कॉट मो यांनी समझोत्याचे स्वागत केले, तर आँटॅरियोचे मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी त्यावर कठोर टीका केली. २४ जानेवारी रोजी ट्रम्प यांनी, कॅनडाने चीनशी करार केल्यास १०० टक्के शुल्क लावण्याची धमकी दिली. चीनशी मुक्त व्यापार करार करण्याचा आपला विचार नाही, असे कार्नी यांनी त्यावर स्पष्ट केले.

संरक्षण धोरण

नाटोने २०१४ मध्ये सदस्य देशांना सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्के रक्कम संरक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्ट दिले होते. कॅनडाचा खर्च दीर्घकाळ त्याहून बराच कमी राहिला. ९ जून २०२५ रोजी कार्नी यांनी हे उद्दिष्ट २०२५-२६ या आर्थिक वर्षातच गाठण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात हेग येथील शिखर परिषदेत २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचे नवे उद्दिष्ट स्वीकारले गेले. त्यांपैकी ३.५ टक्के थेट संरक्षणावर आणि १.५ टक्के संबंधित पायाभूत सुविधांवर खर्च करावयाचे आहेत. ४ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात सुमारे ७८ अब्ज कॅनेडियन डॉलरची तूट दाखविण्यात आली. लोकसभागृहात तो १७० विरुद्ध १६८ अशा निसटत्या मतांनी संमत झाला. याच अर्थसंकल्पात परदेशांना दिल्या जाणाऱ्या विकास साहाय्यात कपात करण्यात आली.

वाढीव निधी कोणाकडून शस्त्रास्त्रे घेण्यावर खर्च व्हावा, हा प्रश्न निधीइतकाच महत्त्वाचा ठरला आहे. २३ जून २०२५ रोजी कॅनडाने युरोपीय संघाशी सुरक्षा व संरक्षण भागीदारी केली. डिसेंबरमध्ये संघाच्या १५० अब्ज युरोच्या ‘सेफ’ या संरक्षण कर्ज योजनेत सहभागी होण्याबाबतची बोलणी पूर्ण झाली. या योजनेत स्थान मिळविणारा कॅनडा हा युरोपाबाहेरील पहिला देश होय. बारापर्यंत नव्या पाणबुड्यांच्या खरेदीसाठी जर्मनीची टीकेएमएस व दक्षिण कोरियाची हान्वा ओशन या दोन कंपन्यांची निवडयादी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाली. आर्क्टिक प्रदेशाकडून येणारे धोके दुरून टिपण्यासाठी ऑस्ट्रेलियाकडून क्षितिजापलीकडील रडार यंत्रणा घेण्याचा निर्णय मार्च २०२५ मध्ये इकालुइट येथे जाहीर करण्यात आला.

सर्वाधिक वाद एफ-३५ लढाऊ विमानांबाबत झाला. २०२३ मध्ये ठरलेल्या ८८ विमानांच्या खरेदीचा फेरविचार करण्याचे आदेश कार्नी यांनी मार्च २०२५ मध्ये दिले. महालेखापरीक्षकांच्या जून २०२५ च्या अहवालात या खरेदीचा अंदाजित खर्च १९ अब्जांवरून २७.७ अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेल्याचे नमूद आहे. स्वीडनच्या साब कंपनीने ग्रिपेन विमानांची निर्मिती कॅनडात करण्याचा पर्याय पुढे केला. ग्रिपेनचे समर्थक रोजगार व स्वायत्ततेचा मुद्दा मांडतात. विरोधकांच्या मते दोन प्रकारची विमाने बाळगणे खर्चिक आहे व नोराडमधील समन्वय त्यामुळे अवघड होईल. ग्रिपेनचे इंजिनही अमेरिकी बनावटीचे असल्याने त्याच्या खरेदीने अवलंबित्व पूर्णतः संपत नाही.

भारताशी संबंध

भारत व कॅनडा यांच्या संबंधांत यापूर्वीही मोठे चढउतार झाले आहेत. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेल्या अणुभट्टीतील प्लुटोनियमचा १९७४ च्या पोखरण चाचणीत वापर झाल्यावर कॅनडाने अणुसहकार्य थांबविले. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातील बॉम्बस्फोटात ३२९ जणांचा मृत्यू झाला व खलिस्तानवादी गटांबाबत कॅनडाची भूमिका हा कायमचा वादविषय बनला. सप्टेंबर २०२३ मध्ये हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येत भारताच्या हस्तकांचा हात असल्याचा आरोप ट्रुडो यांनी केला. भारताने तो फेटाळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या सहा-सहा राजनैतिक अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली.

जून २०२५ मध्ये कॅनानास्किस येथील जी-७ परिषदेच्या वेळी नरेंद्र मोदी व कार्नी यांनी उच्चायुक्तांच्या फेरनियुक्तीचा निर्णय घेतला. त्यानुसार ऑगस्टमध्ये दिनेश पटनायक व क्रिस्टोफर कूटर यांची नावे जाहीर झाली. नोव्हेंबरमध्ये जोहान्सबर्ग येथे सर्वंकष व्यापार कराराची बोलणी सुरू करण्याचे आणि २०३० पर्यंत द्विपक्षीय व्यापार ५० अब्ज अमेरिकी डॉलरपर्यंत नेण्याचे ठरले. २०२६ च्या फेब्रुवारीअखेरीस कार्नी भारतभेटीवर आले. या दौऱ्याचा आरंभ मुंबईतून झाला व नवी दिल्लीत युरेनियमच्या दीर्घ मुदतीच्या पुरवठ्याचा करार झाला. मसूर, पिवळा वाटाणा व पोटॅश खत हे भारताच्या कॅनडाकडून होणाऱ्या आयातीतील नेहमीचे घटक आहेत. कॅनडातील शीख संघटनांनी मात्र हत्येच्या प्रकरणाची तड लागण्यापूर्वी संबंध सुधारण्यास आक्षेप घेतला.

मूल्यमापन

२० जानेवारी २०२६ रोजी दावोस येथील भाषणात कार्नी यांनी, नियमाधिष्ठित जागतिक व्यवस्थेत केवळ संक्रमण नव्हे तर खंड पडला आहे आणि मध्यम आकाराच्या देशांनी एकत्र यावे, अशी मांडणी केली. तिला व्यापक प्रसिद्धी मिळाली. समर्थकांच्या मते एका शेजाऱ्यावर विसंबून राहण्याचा धोका प्रत्यक्षात आल्याने हे धोरण अपरिहार्य आहे. टीकाकारांनी दोन आक्षेप नोंदविले आहेत. पहिला, चीन व भारताशी व्यवहार करताना मानवाधिकार व परकीय हस्तक्षेप हे प्रश्न मागे पडतात. दुसरा, प्रतिशुल्के व डिजिटल कर मागे घेऊनही अमेरिकेकडून ठोस सवलत मिळालेली नाही.

१९७२ च्या ‘तिसऱ्या पर्याया’शी तुलना केल्यास एक मूलभूत फरक दिसतो. त्या वेळी अमेरिकेची बाजारपेठ कॅनडाला खुली होती आणि ती सोडण्याचे कारण उद्योजकांना नव्हते. आता ती बाजारपेठ अनिश्चित झाल्याने नवे ग्राहक शोधण्याची निकड सरकारइतकीच उद्योगांनाही आहे. तथापि बंदरे, तेलवाहिन्या व पाणबुड्या उभ्या राहण्यास अनेक वर्षे लागतात, तर कारखाने बंद होण्यास काही महिने पुरतात. या दोन कालमर्यादांतील अंतर कसे भरून काढावे, हा धोरणापुढील सर्वांत कठीण प्रश्न आहे.

त्रिपक्षीय कराराच्या संयुक्त पुनरावलोकनासाठी १ जुलै २०२६ हा दिवस करारातच निश्चित केलेला आहे. तिन्ही देशांनी संमती दिल्यास कराराची मुदत नव्याने १६ वर्षांसाठी वाढते. संमती न झाल्यास दरवर्षी पुनरावलोकन होत राहते व २०३६ मध्ये करार संपुष्टात येतो. कॅनडाच्या निर्यातीचा मोठा भाग आजही याच करारातील सूटीवर टिकून आहे.