हुकूम उघडा, संवाद गुप्त

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई बनविणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांवर हजारो संसार उभे आहेत. त्यांत परप्रांतांतून आलेल्या कंत्राटी कामगारांचा वाटा मोठा आहे. पाळी, जादा काम, बदली माणूस यांच्या सूचना पूर्वी फलकावर लागत. आता त्या फोनवरील गटात येऊ लागल्या आहेत. संदेश कूटबद्ध आहेत, म्हणून सारे सुरक्षित आहे, असे आश्वासनही सोबत मिळते. सुरक्षित कोणापासून आणि कोणासाठी, हे मात्र कोणी सांगत नाही.

तंत्राची निंदा करण्याचे कारण नाही. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्वांसाठी लागू केलेल्या या पद्धतीत संदेश पाठविणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. १९४२ साली उषा मेहतांनी चालविलेली गुप्त नभोवाणी आणि आणीबाणीतील भूमिगत पत्रके यांचा वारसा सांगणाऱ्यांना अशा संवादाचे मोल वेगळे सांगावयास नको. म्हणूनच फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याची जी सक्ती केंद्र सरकारने आणली, तिला विरोध करणे हे चळवळीचे कर्तव्यच आहे.

परंतु कुलूप वाटेवरच्या चोराला अडविते, घरात बसलेल्याला नव्हे. ज्या गटात ठेकेदार आणि व्यवस्थापक बसले आहेत, तेथे कामगाराचा प्रत्येक शब्द त्यांच्यासमोर उघडाच असतो. शिवाय फोनच फितूर झाला तर कूटबद्धता निरुपयोगी ठरते. २०१९ मध्ये पेगॅसस या हेरतंत्राने व्हॉट्सॲपमधील फटीतून जगभरच्या सुमारे १४०० फोनांना लक्ष्य केले. त्यांत भारतातील वकील आणि कार्यकर्तेही होते.

याहून मोठा धोका आपोआप पुसल्या जाणाऱ्या संदेशांचा आहे. चोवीस तासांत, सात दिवसांत वा नव्वद दिवसांत मजकूर नाहीसा करण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. समजा, मुकादमाने रात्री फर्मान काढले, "भट्टी थांबवू नका, दुसरी पाळीही करा." सकाळी अपघात झाला आणि आठवड्याने चौकशी लागली. तोपर्यंत फर्मान विरून गेलेले असते. उरतो तो भाजलेला कामगार आणि "आम्ही असे सांगितलेच नव्हते" हे उत्तर. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यातील एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार होरपळले. अशा दुर्घटनेनंतर कोणी, केव्हा, काय सांगितले होते, हाच कळीचा प्रश्न असतो. जादा कामाला दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाने कायद्याने दिलेला आणि नव्या श्रमसंहितेनेही राखलेला हक्क आहे. पण जादा काम सांगितल्याचा पुरावाच नसेल तर तो हक्क कागदावरच राहणार.

मालकवर्ग म्हणेल, कामगारांना गुप्तता हवी आणि मालकाला नको, हा कोठला न्याय? न्याय सरळ आहे. खासगीपण हा माणसाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो मूलभूत मानला. हुकूम देणे ही सत्ता आहे, आणि सत्तेने हिशेब द्यावा लागतो. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा याच तत्त्वावर उभा आहे. व्यापारातील गुपिते मालकाने खुशाल जपावीत. दुसऱ्याचे शरीर भट्टीसमोर उभे करणारा आदेश हे व्यापारी गुपित नव्हे.

साधन कोणाचे, हा प्रश्न राज्यातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्येच विचारला होता. निकृष्ट फोन आणि इंग्रजीतील पोषण ट्रॅकर त्यांच्या माथी मारले गेले, तेव्हा त्यांनी ते फोन शासनाला परत केले. तो अडाणीपणा नव्हता, तर आपल्या श्रमाच्या अटी ठरविण्याचा आग्रह होता.

जालन्यातील कार्यकर्त्यांनी तोच आग्रह धरावा. पाळी, जादा काम आणि सुरक्षितता यांविषयीचा प्रत्येक आदेश टिकाऊ स्वरूपात असावा आणि त्याची प्रत कामगाराच्या हाती पडावी. कामगारांचा गट मात्र त्यांचा स्वतःचा असावा, स्वतःच्या फोनवर असावा. त्यात ठेकेदाराचा माणूस नसावा आणि तेथील संदेश पुसले जाण्यास हरकत नसावी. अर्थात, फोनवरील गट म्हणजे संघटना नव्हे. कारखान्याच्या दाराशी भरणाऱ्या सभेला पर्याय नाही. कूटबद्ध संदेश ती सभा बोलावण्यापुरता उपयोगी आहे. लढा सभेतूनच उभा राहावयाचा आहे.