अवघड इंग्रजी शब्द आणि कामगारवर्ग

नोकरीच्या शोधात असलेले हजारो तरुण आज पोटाला चिमटा घेऊन इंग्रजीच्या वर्गांची फी भरीत आहेत. तेथे त्यांच्याकडून अवघड शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात व प्रत्येक शब्द वाक्यात वापरून दाखवावयास सांगितले जाते. या धडपडीची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. निदान ज्यांच्या घरात इंग्रजी पिढीजात आली, त्यांना तर मुळीच नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ मराठीत लिहिली, परंतु तिला इंग्रजी प्रस्तावना जोडली. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी आपले निवेदन इंग्रजीतच मांडले आणि त्यात बहुजनसमाजाच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितले. राज्यकर्त्यांची भाषा त्यांनी राज्यकर्त्यांना जाब विचारण्यासाठी हाती घेतली होती. इंग्रजीविषयीची श्रमिकांच्या चळवळीची ही खरी परंपरा होय. ‘इंग्रजी हटाव’ची आरोळी आणि इंग्रजीची पूजा या दोन्हींपासून ती सारखीच दूर आहे.

तेव्हा शब्द शिकावेत की नाही, हा प्रश्नच नाही. कोणते शब्द शिकावेत आणि ते कोणाच्या वाक्यात वापरावेत, हा खरा प्रश्न आहे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील चार शब्द घ्यावेत: ‘ले-ऑफ’, ‘लॉक-आऊट’, ‘रिट्रेंचमेंट’ आणि ‘क्लोजर’. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या कामगाराला चारही शब्दांचा अर्थ एकच वाटतो: काम गेले. कायद्याला मात्र तसे वाटत नाही. ‘ले-ऑफ’मध्ये कामगाराचे नाव मस्टरवर राहते आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. ‘रिट्रेंचमेंट’मध्ये नोकरीच संपते, आणि सलग सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ‘लॉक-आऊट’ म्हणजे तात्पुरती टाळेबंदी. ‘क्लोजर’ म्हणजे कारखाना किंवा त्याचा भाग कायमचा बंद. नोटिशीत यांपैकी कोणता शब्द आहे, यावर घरची चूल अवलंबून असते. शिवाय मराठी सभासद मुंबईत असो, इंदुरात असो वा बडोद्यात, कायद्याचे हे शब्द त्याला सर्वत्र तेच भेटतात. घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. तेथे या शब्दांवरच वाद होतो.

शब्दाचा अर्थ कोशापेक्षा लढ्यात लवकर कळतो, याला इतिहास साक्षी आहे. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९२० नंतरच्या दशकात ‘रॅशनलायझेशन’ हा भारदस्त शब्द आणला. कोशात त्याचा संबंध विवेकाशी आहे. गिरणीत त्याचा अर्थ होता दोनाऐवजी तीन माग सांभाळणे, म्हणजे कमी माणसांनी जास्त काम. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात शाळेचे तोंडही न पाहिलेल्या कामगारांनी हा अर्थ बिनचूक ओळखला होता.

आज तोच खेळ नव्या शब्दांनी चालू आहे. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्यात ‘फिक्स्ड टर्म एम्प्लॉयमेंट’ असा शब्दप्रयोग आहे. ऐकावयास तो निरुपद्रवी. मुदतीची नोकरी, एवढेच. परंतु संहितेने ‘रिट्रेंचमेंट’ची जी व्याख्या केली, तीतून मुदत संपल्यामुळे जाणारी नोकरी वगळली आहे. मुदत भरली, कामगार घरी गेला. कायद्याच्या भाषेत त्याची कपात झालीच नाही! व्याख्येतील एका पोटवाक्याने हे साधते. ते पोटवाक्य ज्याला वाचता येत नाही, त्याला आपण काय गमावले हेही कळत नाही.

वाक्यात वापर करावयाचा तो याच दृष्टीने. मालकाची नोटीस बहुधा कर्मणि प्रयोगात असते: इतक्या कामगारांच्या सेवा ‘संपुष्टात आणण्यात येत आहेत’. कोण आणीत आहे, याचा पत्ता नाही. अभ्यासवर्गात हेच वाक्य कर्त्यासह पुन्हा लिहून घ्यावे: ‘कंपनीने या कामगारांना काढून टाकले.’ व्याकरणाचा हा एक धडा राजकीय शिक्षणाचाही धडा आहे.

एंगेल्स यांनी ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडाच्या तिसऱ्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत, १८८३ साली, याच जागरूकतेचा वस्तुपाठ घालून दिला. जर्मन भाषेत कारखानदाराला ‘श्रम देणारा’ आणि मजुराला ‘श्रम घेणारा’ म्हणण्याची रूढी होती. वस्तुतः श्रम देतो मजूर, घेतो कारखानदार. ही उलटी परिभाषा मार्क्सच्या ग्रंथात घालण्यास एंगेल्स यांनी नकार दिला. मराठीत ‘एम्प्लॉयर’ला ‘रोजगारदाता’ म्हणताना किती जणांच्या मनात हा विचार येतो? ‘दाता’ म्हटले की उपकार आला, आणि उपकाराविरुद्ध संप कसा करावयाचा?

येथे थोडे आत्मपरीक्षणही हवे. सभेत जड इंग्रजी शब्द फेकून श्रोत्यांना दिपविण्याची खोड कार्यकर्त्यांतही आहे. ज्या शब्दाचा अर्थ वक्ता साध्या मराठीत सांगू शकत नाही, तो शब्द त्याला स्वतःला कळलेला नसतो.

म्हणून प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. दर महिन्याला दहा शब्द; प्रत्येकापुढे कायद्यातील अर्थ, प्रत्यक्ष आलेल्या नोटिशीतील वाक्य, त्याचा मराठी तर्जुमा, आणि त्या वाक्यात झाकलेला कर्ता. वर्षाकाठी १२० शब्द होतील. परीक्षेला बसण्यासाठी ते कदाचित अपुरे पडतील. पण करारावर सही करण्यापूर्वी तो वाचण्यास आणि जेथे सही करू नये तेथे हात आखडण्यास ते उपयोगी पडतील.